टिटवीची अंडी आणि लाकडाचा ठसा



आमच्या ऑफिसात टेबलामागच्या भिंतीवर एक लहानसे चित्र लावले आहे. बाप्तिस्म्याचा दाखला न्यायला किंवा मिस्साची नोंद करायला जे येतात, त्यांची नजर त्यावर जाते आणि बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, "फादर, ही खडी कसली?" थोडा वेळ बघत राहतात आणि मग म्हणतात, "अरे, ही तर अंडी आहेत!" काळ्या शाईतले, लाकडी ठशावरून कागदावर उतरवलेले चित्र आहे. जमिनीवर खडे पसरले आहेत, खड्यांतच चार अंडी आहेत आणि वरच्या कोपऱ्यात टिटवीचे लांब पाय दिसतात. फक्त पाय, बाकीची टिटवी कागदाच्या बाहेर आहे. आपल्याच धर्मग्रामातील निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी ते कोरले आहे. आपले नाव छापू नये, असे त्यांनी बजावले आहे. पण ते कोण, हे तुम्हांला सांगायला नको.

त्या चित्राच्या प्रती विकत मागणारे पुष्कळ आहेत. आतापर्यंत आम्ही "बघू, पुढे बघू" असे म्हणून वेळ मारून नेली. खरे कारण कोणाला सांगितले नाही. ते आज सांगतो, कारण आमच्या मनात एक प्रश्न अडकून पडला आहे आणि तो एकट्याने सुटत नाही.

गोष्ट गेल्या नाताळाच्या आधीपासूनची. बाजारातली चकचकीत कार्डे आणण्यापेक्षा आपल्या मुलांनी स्वतःच्या हाताने कार्डे करावीत, अशी मास्तरांची कल्पना. त्यांनी सुताराकडून सागाच्या फळीचे तुकडे आणले, रंधा मारून गुळगुळीत केले आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मोठ्या मुलांना पटाशीसारखी छोटी हत्यारे दिली. ठसा करण्याची रीत ऐकायला सोपी आहे. फळीवर चित्र काढायचे, जे कागदावर पांढरे राहायला हवे ते कोरून काढायचे, जे उरेल त्यावर रुळाने शाई लावायची, कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचे. अडचण एवढीच की सगळे उलटे येते. फळीवर डावीकडे बघणारा बगळा कागदावर उजवीकडे बघतो. एका पोराने मोठ्या कष्टाने 'शुभ नाताळ' ही अक्षरे सरळच कोरली आणि पहिली वीसेक कार्डे आरशात धरून वाचावी लागली. ती आम्ही जपून ठेवली आहेत. खरे सांगायचे तर आम्हांला तीच जास्त आवडतात.

पहिल्या दिवशी मुलांनी जी पाखरे काढून आणली, ती सगळी लग्नपत्रिकेतली होती. पिसारा फुलवलेला मोर, गळ्यात गळा घातलेली हंसाची जोडी, चोचीत चिठ्ठी धरलेले कबुतर. मास्तरांनी कागद बाजूला सारले आणि विचारले, "यातलं एक तरी पाखरू तुम्ही स्वतः बघितलंय का?" मुले गप्प. मोर एकाने शेतात बघितला होता, पण नाचताना नव्हे.

इथे थोडे विषयांतर करतो. आपल्या मराठवाड्याची पैठणी पाहा. तिच्या काठापदरावर मोर आहे, हंस आहे आणि मुनिया आहे. ही मुनिया म्हणजे हिरव्या अंगाचा, लाल चोचीचा पोपट. रानात ज्याला मुनिया म्हणतात ते पाखरू चिमणीएवढे, दाणे टिपणारे, अगदी वेगळे. विणकराने विणकराकडून नक्षी घेतली, त्याने त्याच्या वडिलांकडून, आणि या वाटेत पाखरू कुठेतरी उडून गेले, नाव तेवढे राहिले. त्याच पैठणच्या वेशीपाशी जायकवाडीचे धरण आहे. १९७६ पासून तिथे नाथसागराचे पाणी पसरले आहे आणि १९८६ मध्ये त्याला पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केले. हिवाळ्यात तिथे रोहित येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. यांपैकी कोणी काठावर विणलेला आम्ही तरी पाहिलेला नाही. पैठणीत काही उणे आहे, असे आम्ही म्हणत नाही. तिची शोभा कोण नाकारील? पण नक्षीवरून नक्षी काढणे आणि पाखरावरून नक्षी काढणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मास्तरांनी त्या दिवशी मुलांना शिकवले आणि आमच्याही ध्यानात आणून दिले.

मग एका शनिवारी मुलांना घेऊन आम्ही गंगाखेडला गेलो. संत जनाबाईंचे गाव ते. गोदावरीच्या काठावर बसून मुलांनी जे दिसेल ते काढले. दोन काटक्यांवर उभा असावा तसा शेकाट्या, शेपटी वरखाली करणारा धोबी, पंख पसरून वाळत बसलेले पाणकावळे, आणि पाण्यावर घिरट्या घालून एकदम खाली सूर मारणारा सुरय. त्या सुरयाला पाहून आमच्या पोटात काहीतरी हलले. आमचे बालपण वसईच्या किनाऱ्यावर गेले. होड्या किनाऱ्याला लागल्या की वर कुरव पक्ष्यांचा गोंधळ, ओहोटीच्या चिखलात तुतवार आणि चिखल्या यांची पळापळ, हे रोजचे. परभणीत बदली झाली तेव्हा आम्ही मनात म्हटले होते, आता समुद्र सुटला. समुद्र सुटला खरा, पण त्याची पाखरे सुटली नाहीत. हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या चिखलात उतरणारा तुतवार इथल्या तलावाच्या काठीही उतरतो. त्याच्या लेखी चिखल तो चिखल. खारा की गोडा, एवढाच फरक.

काठावर एक भोई जाळे नीट करत बसला होता. मुलांची चित्रे पाहून तो हसला. "पाणकावळ्याची मान अशी नसते, बुडायच्या आधी तो ती वाकवतो," असे म्हणून त्याने हातानेच दाखवले. त्याचे बरोबर होते. मुले पाखराकडे तासभर बघत होती, तो जन्मभर बघत आला होता, आणि तेही कौतुकाने नव्हे. पाणकावळा त्याचे मासे खातो! ज्याच्याशी रोजचा झगडा, त्याला माणूस चांगला ओळखतो. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, आपल्याला सोडून गेलेले मारुती चितमपल्ली यांनी आपला 'पक्षिकोश' रचला तो वनखात्यात आयुष्य घालवून, रानात आणि पाण्यावर पोट असलेल्या माणसांजवळ बसून. कार्डे त्यानंतर फार सुंदर झाली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ती असतील. विक्रीचे पैसे कुठे गेले तेही तुम्हांला ठाऊक आहे. वर्गातल्या एका मुलीने तेव्हा विचारले होते, "फादर, पाखरांना त्यातलं काय मिळालं?" सगळे हसले. आम्हीही हसलो.

आता टिटवीकडे येतो.

यंदा ईस्टरनंतरच्या आठवड्यात आपल्या दफनभूमीच्या मागच्या मोकळ्या जागेत टिटवीने अंडी घातली. टिटवी घरटे बांधत नाही. जमिनीवर जरा खोलगट जागा करते, चार खडे सरकवते आणि त्यांतच अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीचा, वर काळे ठिपके. पाय पडेपर्यंत दिसू नयेत, अशी ती घडवलेली असतात. मास्तरांना कळले तेव्हा त्यांचे डोळे चमकले. त्यांना नेमके हेच कोरायचे होते: जे समोर असून दिसत नाही ते. त्यासाठी अंडी जवळून पाहायला हवीत, आणि एकदाच नव्हे, पुनःपुन्हा. सकाळच्या उन्हात ठिपके एक दिसतात, संध्याकाळी दुसरे. आम्ही म्हटले, चला. सोबत वर्गातली चार मुलेही घेऊ.

दफनभूमीची झाडलोट करणाऱ्या आपल्या मावशी तिथे होत्या. त्या म्हणाल्या, "फादर, तिला नका उठवू. टिटवी वरडली की कुणाच्या तरी घरात रडणं येतंय."

यावर आम्ही काय केले? आम्ही प्रवचन दिले. मुले समोर होती, संधी चांगली होती. पाखराच्या ओरडण्याने कोणी मरत नाही, माणूस आजाराने मरतो, अपघाताने मरतो, टिटवी आपल्या अंड्यांसाठी ओरडते, अपशकुन मानणे हे विश्वासाला धरून नाही आणि बुद्धीलाही धरून नाही. यांतला एकही शब्द खोटा नव्हता. मावशी काही बोलल्या नाहीत, झाडू घेऊन दुसऱ्या कडेला गेल्या.

आठ दिवस आम्ही रोज दोनदा जात होतो. टिटवी उठायची, डोक्यावर घिरट्या घालून जीव तोडून ओरडायची, थोड्या अंतरावर उतरून पंख लोंबवायची, म्हणजे आम्ही तिच्यामागे जावे. मुलांना त्याची मोठी मौज वाटे. मास्तर रेखाटत, आम्ही मुलांना सांगत असू की बघा, कशी ही आईची माया! ती माया तिथून पंधरा पावलांवर उन्हात तडफडत होती आणि आम्ही तिच्यावर व्याख्यान देत होतो. परभणीचा एप्रिल म्हणजे काय हे तुम्हांला सांगायला नको. इतर पाखरे अंडी उबवतात. भर उन्हाळ्यात टिटवीला अंडी तापू नयेत म्हणून झटावे लागते. ती त्यांच्यावर सावली धरून बसते, पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. हे आम्ही नंतर वाचले. आधी वाचायला हवे होते. शिवाय आपल्या आवारातले कावळे काही मूर्ख नाहीत. माणसे रोज एकाच जागी वाकून काय बघतात, हे त्यांनी हेरले असावे. नवव्या दिवशी सकाळी गेलो तर खळग्यात काही नव्हते. एका अंड्याचे कवच थोडे दूर पडले होते. टिटवी ओरडत नव्हती. त्या शांततेने आम्ही जे ओशाळलो, ते अजून सावरलेलो नाही.

मावशींची समजूत चुकीची होती, हे आम्ही आजही म्हणू. पण त्या चुकीच्या समजुतीमुळे आपल्या खेड्यांतून कित्येक पिढ्या कोणी टिटवीला मुद्दाम उठवले नाही. भीतीने का होईना, माणसे तिच्यापासून लांब राहिली. आम्ही ती भीती काढली आणि तिच्या जागी दुसरे काही ठेवले नाही. खोट्या कुंपणाला खोटे म्हणून मोडणे सोपे असते. मोडणाऱ्याने आधी बघावे की आत कोण आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अंधश्रद्धेवर आम्ही निबंध लिहिला होता, त्याला गुणही चांगले मिळाले होते. ही बाजू त्यात आलेली आठवत नाही.

मास्तरांनी महिनाभर ती फळी कोरली. आणि ठसा असा उतरला की त्यांच्या हातून इतके चांगले पूर्वी काही झाले नसेल. खडे आणि अंडी यांच्यावरच्या रेघा त्यांनी एकाच हाताने, एकाच जाडीच्या काढल्या, त्यामुळे बघणाऱ्याला आधी खडेच दिसतात. आता प्रश्न हा: या चित्राचे काय करायचे?

पाखरे रंगवणारे मोठमोठे लोक या प्रश्नातून गेले आहेत, पुष्कळांनी तो विचारलाच नाही. अमेरिकेतल्या ऑड्युबॉनने १८२७ ते १८३८ या काळात पाखरांची ४३५ भव्य चित्रे छापून प्रसिद्ध केली. ती जिवंत वाटतात. पण त्यासाठी त्याने पाखरे बंदुकीने मारली आणि तारा खोचून, हवी तशी उभी करून त्यांची चित्रे काढली. इंग्लंडमधला थॉमस ब्युइक हा लाकडावर कोरणारा, म्हणजे आपल्या मास्तरांच्या जातकुळीचा. १७९७ आणि १८०४ मध्ये त्याचे पक्ष्यांवरचे दोन खंड निघाले, दुसरा पाणपक्ष्यांचा. पेंढा भरून ठेवलेल्या पाखरांवरून चित्रे काढायला तो गेला होता, पण त्यात त्याचे मन रमले नाही; मेलेल्या पाखराची मान पेंढा भरणाऱ्याच्या मर्जीने वळलेली असते. तरी त्यालाही मित्र पाखरे मारून पाठवत असत. आपले सलीम अली पाखरांचे अभ्यासक झाले ते लहानपणी बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीमुळे. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि ती कोणती हे विचारायला तो मुलगा मुंबईच्या निसर्ग इतिहास सोसायटीत गेला. त्या एका चिमणीच्या बदल्यात देशातल्या किती पाखरांना पुढे संरक्षण मिळाले! म्हणून चिमणी मारली ते बरे झाले, असे म्हणायचे का? आमची जीभ वळत नाही.

कोणी म्हणेल, वाल्मीकींची कविताही क्रौंच पक्ष्याच्या मरणातूनच जन्मली. खरे आहे. पण बाण वाल्मीकींचा नव्हता.

चर्चच्या जुन्या आचार्यांकडे वळलो तर उत्तर सोपे मिळते, फार सोपे. संत थॉमस अक्वायनस सांगतात की ज्याला बुद्धी नाही अशा प्राण्याशी मैत्रीचे, म्हणून प्रेमाचे, थेट नाते जुळत नाही. प्राण्यांशी क्रूरपणे वागू नये, कारण तशा सवयीने माणूस माणसांशीही क्रूर होतो. त्या हिशेबाने आमचा दोष किरकोळ. आम्ही क्रूर नव्हतो, उलट कौतुकच करत होतो, आणि त्या चार मुलांपैकी कोणी त्यामुळे निर्दय झालेले नाही. पण हेच संत दुसरीकडे असेही सांगतात की देवाचे चांगुलपण एका प्राण्यात मावणारे नव्हते म्हणून त्याने नाना तऱ्हेचे जीव केले. एकात जे उणे ते दुसऱ्यात दिसावे. हे खरे असेल तर टिटवीत जे दिसते ते आमच्यात दिसत नाही, आणि ती पुसली गेली तर ते तेवढ्यापुरते कोठेच दिसत नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी आपल्या परिपत्रात प्रत्येक जिवाला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे, असे स्पष्ट सांगितले. त्यावर आम्ही याच पत्रकात तेव्हा दोन लेख लिहिले होते. लिहिणे जमले होते.

आमच्या मते दोष बघण्यात नव्हता. बघितल्याशिवाय ओळख नाही आणि ओळख नसेल तर पाखरू काठावरची मुनिया होऊन जाते. दोष हा की आम्ही आमचे बघणे तेवढे मोजले, तिला दिसणे काय पडते ते मोजले नाही. कौतुक करणाऱ्याला वाटते की आपण काही घेत नाही. चोराला निदान माहीत असते की आपण घेतो आहोत. भोई पाणकावळ्याला शिव्या घालतो, पण त्याचा वेळ खात नाही. आम्ही टिटवीचा वेळ खाल्ला. तिची सावली धरण्याची, पोट भिजवून येण्याची वेळ. कार्डांच्या वेळी त्या मुलीने विचारलेला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

मास्तरांचे म्हणणे निराळे आहे आणि ते तुमच्यापुढे ठेवायलाच हवे. ते म्हणतात, "फादर, अंडी गेली ती गेली. ठसा पुसून ती परत येणार नाहीत. चित्र विकलं, त्याखाली झाली ती गोष्ट चार ओळींत छापली, तर शंभर घरांत तरी लोक टिटवीपासून लांब राहतील. तुम्ही ते भिंतीवर टांगून एकटेच पश्चात्ताप करत बसता, त्याचा कोणाला उपयोग?" त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. आम्हांला जे सलते ते असे की, ज्यातून आपल्या हातून नुकसान झाले त्यातूनच कौतुक आणि पैसाही मिळवायचा, आणि वर ती शिकवण म्हणून विकायची. मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, "चित्र चांगलं हाय. पण मला नको घरात." का, ते सांगितले नाही आणि आम्हीही या वेळी प्रवचन दिले नाही.

आपल्याकडे म्हणतात, टिटवी देखील समुद्र आटविते. पंचतंत्रात तिची गोष्ट आहे: किनाऱ्यावरच्या टिटवीची अंडी समुद्राने नेली, तिने गरुडापर्यंत दाद मागितली आणि समुद्राला ती परत द्यावी लागली. वसईला लहानपणी आम्हांला ही गोष्ट फार आवडे, कारण समुद्र हरलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. तेव्हा ऐकताना आम्ही टिटवीच्या बाजूचे असायचो.

टिटवीची अंडी गेली तर ती त्याच मोसमात पुन्हा घालू शकते, असे जाणकार सांगतात. जूनच्या पहिल्या पावसाआधी आवारापलीकडच्या पडीक रानातून तिचा आवाज दोन-तीन दिवस येत होता. आम्ही भिंतीपर्यंत गेलो आणि परत फिरलो.

फळी ऑफिसातल्या कपाटावर कापडात गुंडाळून ठेवली आहे. साग चांगला आहे, रंधा मारला तर दुसऱ्या चित्राला चालेल, आणि नाताळची कार्डे जवळ आली आहेत. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर मास्तर, मावशी आणि ती चार मुले ऑफिसात येणार आहेत. तुमच्यापैकी ज्यांना काही सांगायचे असेल त्यांनीही यावे. चहा आहे.

तुमचे,
प्रमुख धर्मगुरू